शिळ्या पाण्याचे दिवस

कालपासून आमच्या खालच्या खाचरात भात कापायला घेतलंय आणि मला राहून राहून माशाच्या पेटीचा वास येतोय. कापलेल्या भाताच्या बुडख्यांत थोडं पाणी अडकलेलं असतं. त्यात ऊन शिरलं की एक वास उठतो. ओल्या मातीचा, कुजल्या पानाचा, थोडा गोडसर. शहरातून आलेले पाहुणे त्याला नाक मुरडतात. मला मात्र तो आला की हायसं वाटतं. एके वर्षी याच दिवसांत आम्ही तिघं जण घरात बसून या वासाची वाट बघत होतो. एका काचेच्या पेटीसमोर.

त्या वर्षी पाऊस मागे फिरला आणि बाबांचा वाशिंदचा कारखाना बंद झाला. मला कळायला लागल्यापासून बाबा शिफ्टला जात होते. आमच्या घरातली जेवणं, झोपा, पाहुण्यांचं येणंजाणं, सगळं फर्स्ट, सेकंड आणि नाइटवर चालायचं. शेवटच्या दिवशी बरोबरच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना भेट दिली. दोन हात लांब काचेची पेटी, निळेपांढरे खडे, हवा सोडणारा छोटा पंप, पाण्यात बुडवायचा स्पंज, आणि फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन गोल्डफिश. एक लालभडक, एक पांढऱ्यावर केशरी ठिपक्यांचा. कारण काय, तर वाशिंदच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात अशी पेटी होती. बाबा तिथे गेले की नंबर पुकारला तरी पेटीसमोरून उठायचे नाहीत. हे सगळ्या शिफ्टला माहीत होतं.

माझं डोकं फिरलं. माणसाची नोकरी काढून घ्यायची आणि त्याने हातात मासे घेऊन घरी यायचं! मी तेव्हा पाण्याच्या आंदोलनात नवीनच पडले होते. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि तीन उद्गारचिन्हांशिवाय माझं वाक्य संपत नसे. "बाबा, गेटवर बसा. धरणं धरा. मी पत्रक लिहिते," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून पंपाची पिन बोर्डात घातली. पेटीत बुडबुडे सुरू झाले. त्यांचं उत्तर तेवढंच.

त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. भांडण नाही, तक्रार नाही. जेवायला हाक मारली की येत, अर्धी भाकरी खाऊन उठत आणि पेटीसमोरच्या स्टुलावर जाऊन बसत. तिथे मात्र त्यांचे ओठ हलताना दिसायचे. आई हे चुलीपासून बघत असायची. एकदा ती मला परसात घेऊन गेली. "रंजू, त्ये माशांशी बोलतंत," ती म्हणाली. "बोलू देत. पन त्या माशांना काय होता कामा नये. कलला का?"

कळलं होतं. मासे गेले असते तर बाबांना बोलायला घरात कोणी उरलं नसतं. मी होते, आई होती, पण आम्ही मोजण्यात नव्हतो.

आता यात गंमत अशी, की माशांना मारायला निघालो होतो ते आम्हीच.

आमच्याकडे शिळं पाणी ठेवत नाहीत. सकाळी उठलं की कालचं उरलेलं पाणी झाडांना, गुरांना, अंगणात. मग हंडा-कळशी चिंच आणि राखेने लख्ख घासायची, विहिरीवर जायचं आणि ताजं भरून आणायचं. पाहुण्याला शिळं पाणी दिलं तर घराची बाई नावं ठेवून घेते. पुरणपोळी एक वेळ बिघडली तरी चालेल. आमच्या गावाच्या टेकडीवर उभं राहिलं की धरणाचं पाणी लांबवर चकाकताना दिसतं. दिसतं, एवढंच. नळ नव्हता. तेव्हा हे ताजेपण बायांच्या डोक्यावरून यायचं, उतारावरच्या विहिरीपासून चढाने. म्हणूनच त्याचा मान मोठा.

आईने माशांनाही पाहुण्यासारखंच वागवलं. रोज सकाळी मासे टोपात काढायची, पेटी मोकळी करायची, काच राखेने घासायची, खडे काथ्याने चोळायची, स्पंज धुण्याच्या दगडावर पिळून उन्हात टाकायची. मग विहिरीचं कोरं पाणी. मीही हातभार लावायचे, कुरकुरत का होईना. पेटी अशी झगझगायची, की शेजारची ताराकाकू दारातूनच ओरडायची, "अगो, मासा धुता का भांडी? एवढा सोच्छ केलाय तर टाका की कालवनात!"

"तुझी नजर पयली कालवनावर," आई म्हणायची.

"मग काय पूजेला बसवू? आमच्याकडं मासा दोनच जागी असतो. नदीत नायतर टोपात."

पाऊस संपला की ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, जंतू मारायला. आमच्या गावात तो वेळेवर येत नसे, म्हणून मी पत्रक काढलं होतं. मागणी रास्तच होती. त्या वर्षी माणूस वेळेवर आला. विहिरीच्या पाण्याला दवाखान्याचा वास यायला लागला, आणि मी विजयाच्या आनंदात त्याच पाण्याने पेटी भरली.

मासे वर आले. पाण्याला तोंड लावून हवा खायला लागले. त्यांचे कल्ले लाल दिसत होते, शेपट्या मिटलेल्या. पाणी नितळ असूनही ते जड झाल्यासारखे एका जागी डुलत. आईला वाटलं पाणी खराब झालं, तिने दुपारी परत बदललं. संध्याकाळी पांढरा मासा आडवा झाला.

बाबांनी त्याला ओंजळीत घेतलं. खालच्या खाचराचं भात तेव्हा पिवळं पडत आलं होतं. बांधावर कोयत्याने त्यांनी एवढासा खड्डा केला. ताराकाकू शेणाची पाटी घेऊन वरून येत होती, तिने बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. ती पाटी खाली ठेवून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "दुसरा हाय ना? मग हितं काय करताव? त्याच्याकडं बघा." बाबा उठले, घरी आले आणि स्टुलावर बसले. आता ओठही हलत नव्हते.

मला कोणाकडे जावं ते माहीत होतं आणि जायचं नव्हतं.

तालुक्याला एक कचेरी होती. कुठली ते सांगत नाही, बाकं सगळीकडे सारखीच असतात. आमच्या गावाचा आणि वरच्या पाड्याचा नळ तिथल्या कुठल्यातरी कागदात अडकला होता. निवेदनं घेऊन मी तिथे इतक्यांदा गेले होते, की बाकावर माझी जागा ठरलेली होती. बाकासमोर, साहेबांच्या केबिनच्या दाराशी, माशाची पेटी. काच हिरवट, तळाशी गाळ, स्पंज तर बघवत नव्हता. आणि त्यात बटाट्याएवढा जाडजूड गोल्डफिश ऐटीत फिरायचा. तासन्‌तास त्याच्याकडे बघून माझा संताप अक्षरात उतरला होता. पत्रकाचा मथळाच तो होता : "साहेबांच्या माशाला चोवीस तास पाणी! आमच्या आयाबहिणींना कधी?!!" ते पत्रक आठवडी बाजारात वाटलं, एसटी स्टँडवर चिकटवलं आणि एक प्रत खुद्द साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यातलं एक अक्षर मी आजही मागे घेत नाही. पण त्या घाणेरड्या पेटीतला मासा जगत होता आणि आमच्या लख्ख पेटीतला मेला होता, हेही खरं होतं.

मी केबिनमध्ये गेले. साहेब लिहीत होते. "निवेदन ठेवून जा," ते मान वर न करता म्हणाले.

"निवेदन नाही. आमचा मासा मरायला टेकलाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मग दाराजवळच्या पेटीकडे. "हा तोच बरं का," ते म्हणाले. "तुमच्या पत्रकातला."

"ओळखलं मी."

"पाणी कधी बदलता?"

"रोज."

"सगळं?"

"सगळं. खडेसुद्धा घासतो. राखेने."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग खुर्चीतून उठले, पेटीजवळ गेले आणि मला समजावून सांगू लागले. मासा खातो, घाण करतो. त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. ते विष खाऊन संपवणारे बारीक जीव असतात, तेही दिसत नाहीत. खड्यांवर आणि स्पंजात ते हळूहळू येऊन राहतात. नव्या पेटीत ते नसतातच. त्यांना वस्ती करायला महिना जातो, कधी जास्त. "आणि तुम्ही," साहेब म्हणाले, "रोज सकाळी त्यांची वस्ती उठवताय."

माझे कान एकदम तापले. वस्त्या कोण उठवतं यावर मी पत्रकं लिहीत होते.

"विहिरीत टीसीएल टाकतात?"

"टाकतात. आम्हीच मागणी केली होती."

"मागणी बरोबर आहे. माणसांसाठी. पण ते या जीवांनाही मारतं आणि माशालाही. पाणी उघड्या भांड्यात उन्हात ठेवा दोन दिवस. शिळं करा. मग घाला. तेही थोडंच, पेटीच्या पाव हिश्शाएवढं."

आणि मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली, हात कोपरापर्यंत त्या हिरव्या पाण्यात घातला आणि स्पंज बाहेर काढला. तपकिरी, बुळबुळीत. टेबलावरच्या कागदाच्या कात्रीने अर्धा कापला. पेटीतलं पाणी, अर्धा स्पंज आणि मूठभर काळवंडलेले खडे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. "हे तुमच्या पेटीत टाका. धुऊ नका. काय वाटेल ते झालं तरी धुऊ नका. पेटीला ओढ्यासारखा वास यायला लागला की समजा जमलं."

दारात मी थांबले. उगाच गैरसमज नको. "साहेब, दिवाळीनंतरचा मोर्चा आहेच."

"मी कुठे रद्द करा म्हटलं?"

एसटीत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईने दोनदा वाकून बघितलं, शेवटी राहवलं नाही. "काय हाय त्यात?"

"घाण," मी म्हटलं.

"आनि ती घरी नेतेस?"

"जपून नेतेय."

ती पलीकडे सरकून बसली.

घरी आईने पिशवी बघितली आणि पदर तोंडाला लावला. मी साहेबांचं सगळं सांगितलं, दिसत नाहीत ते जीव, विष, वस्ती. माझं सांगणं नेहमीप्रमाणे भाषणासारखं झालं असणार, कारण आईवर काही परिणाम झाला नाही. "ही घान मी माज्या पान्यात घालायची? मासा जगंल ह्याच्यानं? तुला त्या साह्यबानं बनवलंन गो. पत्रकाचा सूड घेतलान."

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला म्हणून असेल, खरखरीत होता.

"विरजन हाय त्ये."

आम्ही दोघी वळलो. बाबा पिशवीकडे बघत होते.

"विरजन," ते परत म्हणाले. "दूध नवा, भांडा घासलेला, तरी आपोआप लागतं का दही? जुन्यातला चमचाभर घालावा लागतो. आनि लागताना हलवायचा नसतो. तू रोज हलवतेस."

आईने पदर सोडला. "मग हा आधी नाय सांगायचा? मी विरजन धुईन का कधी?" आणि तिनेच पिशवी उघडली, तो बुळबुळीत स्पंज दोन बोटांनी उचलला आणि देवाला फूल वाहावं तसा पेटीत सोडला.

तिथून पुढचे दिवस नुसते वाट बघण्याचे. मला वाट बघता येत नाही. मला निवेदन, मुदत, मोर्चा असं सगळं एका रांगेत लागतं. इथे कोणाला घेराव घालणार? पाणी आधी दुधाळ झालं, भाताच्या पेजेसारखं. लाल मासा त्या पांढुरक्यात कधी दिसे, कधी नाही. माझे हात शिवशिवत. आई तर अक्षरशः हाताची घडी घालून उभी राहायची. कालचं पाणी तसंच घरात आहे, परवाचंही आहे, हे तिला सोसत नव्हतं. ती पेटीवर स्वच्छ पंचा झाकायची, दह्याच्या मडक्यावर झाकतात तसा. निदान तेवढं तरी.

बाहेर कापणी जोरात होती. विळ्यांचा खसखस आवाज, खळ्यावर भारे आपटल्याचा धपधप, हवेत भाताचं तांबूस कुसळ उडतेय, अंगाला खाज. पहाटे दव इतकं की पेंढा ओला लागावा. आम्ही दिवसभर शेतात आणि आल्यावर पेटीशी. अंगणात परातीत पाणी शिळं होत पडलेलं असे. ताराकाकूची कोंबडी त्यात चोच घाली आणि आई तिच्यामागे धावे, "हाड! माशाचा हाय त्यो!" ताराकाकू कुंपणावरून : "आता कोंबडीपरास मासा मोठा झाला का गो?" पण तिनेच नंतर परातीवर झाकायला आपली करंडी आणून दिली.

लाइट जायची. तेव्हा भारनियमन होतं, गेली की तास न् तास यायची नाही. मुंबई रात्रभर झगमगायची आणि आमच्याकडे एक पंप चालेना, हा संताप मी कुठे ठेवू? पंप थांबला की बुडबुडे थांबत आणि लाल मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागे. बाबांनी यावर तोड काढली. पेटीतलंच पाणी तांब्यात घ्यायचं आणि हात उंच धरून बारीक धारेने परत पेटीत सोडायचं. धारेबरोबर हवा जाते. तांब्यामागून तांब्या. पहिल्या दिवशी हात भरून आला तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "रंजू, सेकंड शिफ्टला ये."

मी तांब्या घेतला. आईने विचारलं, "आनि मी?"

"तुजी जनरल. सैपाक झाला की."

घरात परत शिफ्टा सुरू झाल्या. बाबांनी भिंतीला टेकून डोळे मिटले, पण झोपले नाहीत, माझ्या धारेचा आवाज ऐकत होते. "जाड धार पडतेय. बारीक कर," ते मध्येच म्हणाले. कारखाना बंद झाला म्हणून माणसातला सुपरवायझर काय गप्प बसतो?

दिवाळी झाली. पाणी हळूहळू निवळलं. घासून येतं तसलं नितळ ते नव्हतं. त्यात किंचित पिवळी झाक होती, मुरलेल्या वस्तूला असते तशी. खड्यांवरचा निळा रंग मंद झाला, काचेच्या कोपऱ्यात हिरवी रेघ धरली. आणि एका सकाळी मी खळ्यावरून पाणी प्यायला घरात आले, तर बाबा पंचा बाजूला करून पेटीवर वाकलेले.

"वास घे," ते म्हणाले.

मी वाकले. ओढ्याचा वास. कापलेल्या खाचराचा. बाहेर होता तोच घरात आला होता. आईला बोलावलं. तिने हुंगलं, नाकाला सवयीने आठी पडली, आणि मग ती हसली. "आपल्या खाचराचा वास येतो गो." खाली लाल मासा शेपटी पूर्ण पसरून खडे तोंडात घेत होता आणि थुंकत होता. कल्ले नेहमीच्या रंगावर आले होते. बाबा त्याला म्हणाले, "काय रे, खाल्लास का?" आमच्यासमोर, मोठ्याने.

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी मी पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. बाबा जवळ येऊन उभे राहिले. "किती वाजता निघायचा?"

"कुठे?"

"मोर्चाला. आनि परत कदी? त्याला दुपारचा चिमूटभर घालायचा असतो."

"तुम्ही येणार?"

"त्या साह्यबाचा मासा बघायचा हाय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्याचा निळा सदरा घालून आले. रिकामे हंडे घेतलेल्या बायांच्या मागे, गप्पच. घोषणा मीच देत होते, घसा बसेपर्यंत. शिष्टमंडळ आत गेलं तेव्हा बाबाही आत शिरले आणि सरळ पेटीपाशी जाऊन उभे राहिले. साहेबांनी पाहिलं. "तुमचा जगला?" त्यांनी विचारलं.

"जगला."

"चांगलं झालं."

बाबा पेटीतल्या उरलेल्या अर्ध्या स्पंजाकडे बघत होते. "साह्यब, तुमी एका माशासाठी कोपरापर्यंत हात घातलात," ते म्हणाले. "नळासाठी तेवढा बी नाय लागायचा. कागद पुढं सरकवायचा हाय."

मी पत्रकांच्या एवढ्या गठ्ठ्यांत असं वाक्य लिहिलं नव्हतं. एकही उद्गारचिन्ह नाही. साहेबांनी घंटी वाजवली आणि फाइल मागवली.

नळ त्या दिवशी आला नाही. इतकं सोपं असतं तर पत्रकं कशाला लागली असती? पुढचे दोन उन्हाळे टँकरनेच काढले. नळ आला तो आधी आमच्या वेशीपर्यंत. वरच्या पाड्यावर अजून पोचलेला नाही आणि त्यासाठी आम्ही अजून जातो. हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. फरक इतकाच, की आता शिष्टमंडळात बाबा पुढे असतात. मला वाट बघता येत नाही, हे मात्र तसंच आहे. पण दिसत नाही म्हणजे होत नाही, असं आता मी लिहीत नाही. नुसत्या सभा, नुसती हजेरी, तीच चार माणसं बाकावर बसून येतात, काही हलत नाही असं वाटतं, तेव्हा मला ती पेज झालेली पेटी आठवते.

आज सकाळी कापणीला निघायच्या गडबडीत ताराकाकू दारात आली. तिच्या मुलाने मुरबाडला बिऱ्हाड केलंय आणि तिथे नवी पेटी घेतलीय, त्यात कालच दोन मासे सोडलेत. तिच्या हातात वाटी होती. आमच्याकडे ती दह्याला येते तीच, पितळी.

"विरजन द्या गो थोडा," ती म्हणाली. "माशाचा."

"कालवन नाय का करनार?" आईने विळा कमरेला खोचत विचारलं.

"माज्या नातीनं नावं ठेवलीत त्यांची. आता कसा करू?"

बाबांनी बाही वर केली. लाल मासा आता बाबांच्या तळव्याएवढा झालाय. हात आत गेला की तो पळत नाही, बोटांना येऊन धडकतो. बाबांनी स्पंजाचा तुकडा वाटीत ठेवला, वर पेटीतलं पाणी घातलं आणि सांगायला सुरुवात केली. धुवायचं नाय. पाणी शिळं करायचं, उन्हात. खायला चिमूटभर, त्याहून जास्त नाय. दुधाळ होईल, भ्यायचं नाय. लाइट गेली तर तांब्या घ्यायचा, धार बारीक सोडायची, अशी, हात बघ, असा. ताराकाकू माना डोलावतेय, वाटीवर पदर धरून.

"अवो, पुरे," आई अंगणातून ओरडते, "भात उभा हाय."

बाबा थांबत नाहीत. ते आता वासापर्यंत आलेत.